घटक ५ : साखर, शुगर आणि मधुमेह – आजाराची भाषा व दैनंदिन व्यवहार

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर एखाद्या दीर्घकालीन आजाराविषयी बोलताना मराठी भाषक कोणते शब्द आणि कोणत्या वाक्यरचना वापरतात, हे तुम्हाला उदाहरणांसह सांगता येईल. एकाच शब्दाचा स्वयंपाकघरातील, बोलीतील व प्रयोगशाळेतील अर्थ वेगळा कसा होतो आणि त्या वेगळेपणाचा रुग्णाच्या दिनक्रमावर काय परिणाम होतो, हे स्पष्ट करता येईल. तसेच आपल्या परिसरातील भाषिक सामग्री गोळा करून तिचे विश्लेषण करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अर्थविस्तार, अर्थसंकोच आणि अर्थांतर या संकल्पना तुम्ही मागील घटकात अभ्यासल्या. 'तैल' म्हणजे मुळात तिळाचे तेल, पुढे ते कोणतेही तेल झाले. 'मृग' म्हणजे मुळात कोणताही पशू, पुढे तो केवळ हरिण झाला. ही उदाहरणे बरोबर आहेत. मात्र परीक्षेपुरती पाठ केली की ती विसरली जातात, असा माझा अध्यापनाचा अनुभव आहे. म्हणून या घटकात आपण असे एक शब्दक्षेत्र घेणार आहोत, जे तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात आजही वापरात आहे. त्यातील अर्थाची चूक गुण घटण्यापुरती थांबत नाही. ती माणसाच्या प्रकृतीवर येते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा विषय केवळ मोठ्या शहरांचा राहिलेला नाही. धाराशिव, कळंब, तुळजापूर, उमरगा, लोहारा, परंडा, भूम आणि वाशी या आठही तालुक्यांत 'घरात कुणाला शुगर आहे का?' हा प्रश्न आता 'पाऊस झाला का?' इतक्या सहजपणे विचारला जातो. या प्रश्नातील 'शुगर' या शब्दापासूनच आपण सुरुवात करू.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ एक शब्द, जगाची फेरी

संस्कृत 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ खडे, वाळू, रेव. उसाच्या रसापासून बनणारा दाणेदार पदार्थ रेवेसारखा दिसे, म्हणून त्यालाही 'शर्करा' म्हटले गेले. आपण आजही 'खडीसाखर' म्हणतो, तेव्हा हेच दृश्य नकळत पुन्हा उभे करतो. आयुर्वेदात मूत्रमार्गातील बारीक खड्यांनाही 'शर्करा' हीच संज्ञा आहे. प्राकृतातील 'सक्करा' या रूपातून मराठीत 'साखर' आली. दुसरीकडे हाच शब्द फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' असा होत युरोपात पोहोचला, फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'शुगर' झाला आणि दवाखान्याच्या दारातून आपल्याकडे परत आला. म्हणजे 'साखर' आणि 'शुगर' ही एकाच मुळाची दोन रूपे मराठीत आज शेजारी शेजारी नांदत आहेत.

भाषेत दोन समानार्थी शब्द फार काळ समानार्थी राहत नाहीत. ते कामे वाटून घेतात. येथेही तसेच घडले. 'साखर' डब्यात असते, 'शुगर' अंगात असते. 'साखर संपली' असे म्हटले की दुकानात जावे लागते, 'शुगर वाढली' असे म्हटले की डॉक्टरांकडे. आलेल्या शब्दाने लिंगही घरच्या शब्दाचे घेतले: साखर स्त्रीलिंगी, म्हणून 'शुगर वाढली', 'शुगर निघाली'. उमरग्याच्या सीमाभागात कानी पडणाऱ्या कन्नडमध्ये या आजाराला 'सक्करे कायिले', म्हणजे साखरेचा आजार म्हणतात. हिंदीत 'शक्कर की बीमारी' म्हणतात. बोलीभाषांचा कल सर्वत्र साखरेकडेच आहे.

'मधुमेह' हा शब्द मात्र ग्रांथिक राहिला. 'मिह्' या धातूपासून 'मेह' म्हणजे मूत्रविसर्जन, त्यावरून 'प्रमेह'. आयुर्वेदाच्या परंपरेत प्रमेहाचे २० प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी वातज गटातील एक मधुमेह. लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षण चरकसंहितेइतके जुने आहे. ग्रीकांनी याच आजाराला दिलेले 'डायबेटिस' हे नाव 'आरपार वाहून जाणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आले. त्यांचे लक्ष लघवीच्या प्रमाणाकडे गेले, आपल्याकडच्या वैद्यांचे तिच्या गोडीकडे. युरोपात त्या नावाला 'मधासारखा' अशा अर्थाचे लॅटिन विशेषण पुढे पुष्कळ शतकांनी जोडले गेले, आणि ती गोडी साखरेचीच असते हे इंग्लंडमधील मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये दाखवून दिले.

५.२.२ 'साखर बंद' म्हणजे काय बंद?

आता व्यवहाराकडे वळू. डॉक्टर म्हणतात, "साखर बंद करा." रुग्ण घरी येतो आणि प्रामाणिकपणे साखर बंद करतो. चहात गूळ घालू लागतो. सहा महिन्यांनी तपासणीचा आकडा तसाच असतो आणि मग डॉक्टरांना वाटते की रुग्ण खोटे बोलतो, रुग्णाला वाटते की औषध खोटे आहे. वस्तुतः दोघेही खरे बोलत असतात. स्वयंपाकघराच्या शब्दक्षेत्रात 'साखर', 'गूळ', 'काकवी' आणि 'मध' ही एकमेकांपासून वेगळी असलेली नावे आहेत. गूळ म्हणजे साखर नव्हे, हे कोणतीही गृहिणी सांगेल. प्रयोगशाळेच्या शब्दक्षेत्रात मात्र 'साखर' ही व्यापक संज्ञा आहे. तिच्या पोटात गूळ येतो, मध येतो, आणि पचनानंतर ग्लुकोजमध्ये रूपांतर होणारी भाकरी, भात, बटाटा व साबुदाणाही येतो.

भाकरीच्या बाबतीत हा गोंधळ अधिक सूक्ष्म आहे. आपला जिल्हा रब्बी ज्वारीचा. ज्वारीच्या भाकरीत पांढऱ्या तांदळापेक्षा तंतुमय भाग अधिक असतो, तेव्हा 'भाकरी चांगली' हे विधान ठीक आहे. परंतु 'भाकरी चालते' या विधानाचे श्रोत्याच्या मनात 'भाकरी कितीही चालते' असे रूपांतर होते. मराठीत 'चालणे' हे क्रियापद परवानगी सांगते, प्रमाण सांगत नाही. म्हणून आहार समजावून सांगताना 'काय' याबरोबर 'किती' हा शब्द स्वतंत्रपणे उच्चारावाच लागतो: एका वेळी किती भाकरी, तिच्याबरोबर किती वरण, किती पालेभाजी.

'उपवास' या शब्दाची गंमत तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. कोशातील अर्थ अन्नत्याग; व्यवहारातील अर्थ साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळे. तपासणीसाठी मात्र खरा अन्नत्याग हवा असतो. 'उपाशी पोटी या' असे सांगितल्यावर पुष्कळ जण सकाळचा साखरेचा चहा पिऊनच येतात, कारण आपल्याकडे चहा हा 'खाण्या'त मोजला जात नाही. यासाठी मराठीत 'अनशापोटी' असा एक नेमका जुना शब्द आहे. ज्येष्ठांना तो लगेच कळतो. तो वापरावा, आणि शिवाय 'चहासुद्धा नको, साधे पाणी चालेल' हेही जोडावे. अशा अनशापोटी तपासणीत १०० मि.ग्रॅ.पेक्षा कमी आकडा सामान्य, १०० ते १२५ हा सीमारेषेवरचा आणि १२६ किंवा अधिक आकडा पुन्हा तपासूनही आला तर मधुमेह, असे ठरवले जाते. (हे प्रमाण रक्ताच्या एका डेसिलिटरमागचे आहे. 'एचबीए१सी' ही दुसरी तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिच्यात आदल्या दिवशी पाळलेल्या पथ्याची मखलाशी चालत नाही.)

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
'साखर' या शब्दाच्या स्वयंपाकघरातील व वैद्यकीय अर्थांत अर्थसंकोच आहे की अर्थविस्तार? तुमच्या घरातील दोन वाक्यांच्या आधारे चर्चा करा.

५.२.३ 'कमी झाली' : एका क्रियापदाचा धोका

या घटकातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

'शुगर कमी झाली' या वाक्याचे दोन अर्थ होतात. पहिला, महिनोन्महिने वाढलेली शुगर औषधाने व पथ्याने आटोक्यात आली. ही आनंदाची बातमी. दुसरा, आत्ता या क्षणी रक्तातील साखर ७० मि.ग्रॅ.च्या खाली घसरली आहे, हे संकट. मराठीतील 'झाली' हे रूप दीर्घ काळात घडलेला बदल आणि आत्ताच घडलेली घटना या दोहोंसाठी वापरता येते. संदर्भ नसेल तर ऐकणारा आपल्या इच्छेप्रमाणे अर्थ घेतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या आईला अनेक वर्षांचा मधुमेह. ती कळंब तालुक्यात गावी राहत असताना एका सकाळी भावजयीचा फोन आला : "भाऊजी, आईंची शुगर कमी झालीय." मी वर्गावर निघालो होतो. "बरं झालं," एवढे बोलून मी फोन ठेवला. त्या आवाजातली घाई मला ऐकू आली नाही. मी केवळ वाक्य ऐकले. अर्थविचार शिकवणाऱ्या माणसाने ते ऐकले, हे विशेष. आदल्या रात्री आई गोळी घेऊन जेवली नव्हती. पहाटे तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. घरातील मंडळी तिला साखर द्यायला धजत नव्हती, कारण 'तिला साखर बंद आहे' हे वाक्य सर्वांना पाठ होते. शेजारच्या निवृत्त परिचारिकेने साखरेचे पाणी पाजले म्हणून पुढचे निभावले.

या प्रसंगात दोन वाक्ये चुकीच्या जागी काम करत होती. म्हणून घरात ही वाक्ये आधीच बदलून ठेवावीत. आटोक्यात आलेल्या शुगरसाठी 'शुगर आटोक्यात आहे' असे म्हणावे आणि घसरलेल्या शुगरसाठी 'शुगर एकदम उतरली' किंवा सरळ 'शुगर लो झाली' असे म्हणावे. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांना 'लो' खटकेल. मला तो येथे खटकत नाही, कारण बोलीने त्याला केवळ धोक्याचा अर्थ दिला आहे. दुसरे वाक्यही दुरुस्त करावे : 'साखर बंद आहे, पण लो झाली तर साखर हेच औषध आहे.' रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजूनही कमी असल्यास तेवढीच पुन्हा द्यावी आणि मग काहीतरी खायला द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ दवाखान्यात न्यावे. शेतावर जाणाऱ्या मधुमेही माणसाच्या खिशात साखरेची पुडी असावी, आणि ती कशासाठी आहे हे बरोबरच्या माणसाला माहीत असावे.

'जेवणाआधी एक गोळी' या सूचनेतही असाच एक गृहीत अर्थ दडलेला आहे. ती सूचना देणारा गृहीत धरतो की गोळीनंतर जेवण होणारच. आपल्या घरांत स्त्रिया सर्वांना वाढून शेवटी जेवतात. पाहुणे आले तर आणखी तासभर. गोळी वेळेवर आणि जेवण उशिरा, हा क्रम शुगर उतरण्यास पुरेसा असतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात तर 'दुपारचे जेवण' या शब्दाला घड्याळातील निश्चित जागाच नसते. 'जेवणाआधी' ऐवजी 'ताट समोर आले की' असे सांगितले तर पुष्कळ घोटाळे टळतात. अर्थात काही गोळ्या व इन्सुलिन यांना ठरावीक मिनिटांचे अंतर लागते, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

५.२.४ 'मला शुगर आहे' : आजाराचे व्याकरण

मराठीत आजार 'येतो' आणि 'जातो'. ताप आला, ताप गेला. खोकला झाला, खोकला बरा झाला. पथ्य 'पाळले' जाते आणि 'सुटते'. ही सारी क्रियापदे ज्याला शेवट आहे अशा आजारासाठी घडली आहेत. मधुमेह या व्याकरणात बसत नाही. 'शुगर नॉर्मल आली' या वाक्यातील 'आली' ऐकून रुग्णाला वाटते की आजार गेला, आणि तो गोळी सोडतो. आकडा सामान्य आला तो गोळीमुळे, हे कारण वाक्यात कुठेच नसते. ते मुद्दाम घालावे लागते : 'गोळी चालू आहे म्हणून शुगर नॉर्मल आहे.'

'मला शुगर आहे' ही रचना पाहा. 'मला भूक आहे', 'मला ताप आहे' याप्रमाणे येथेही माणूस चतुर्थीत आहे; तो कर्ता नाही, अनुभव घेणारा आहे. 'मी मधुमेही आहे' या वाक्यात मात्र आजार हीच ओळख होते. माझ्या मते बोलीतील रचना अधिक माणुसकीची आहे. तिच्यात माणूस आधी उरतो, आजार नंतर येतो. मात्र तिची एक उणीवही आहे : जे आपल्याला 'होते' त्यावर आपला ताबा नसतो, असे ती सुचवते.

'इन्सुलिन लागले' या प्रयोगाची भीती घरोघर आहे. 'लागणे' हे क्रियापद व्यसनासाठीही वापरतात, गरजेसाठीही. 'तंबाखूची सवय लागली' आणि 'चष्मा लागला' या दोन वाक्यांतील फरक रुग्णाला दाखवला, तर 'एकदा लागले की सुटत नाही' ही भीती काहीशी ओसरते. १९२१ मध्ये टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्सुलिन हाती आले. त्याआधी मधुमेह झालेली लहान मुले सहसा फार काळ जगत नसत. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन म्हणजे बँटिंग यांचा जन्मदिवस. (विजेचा भरवसा नसलेल्या गावात इन्सुलिनची कुपी प्लॅस्टिकच्या डबीत घालून ओल्या मातीच्या माठात ठेवण्याची पद्धत उपयुक्त आहे; बर्फात मात्र ती कधीही ठेवू नये.)

'हा श्रीमंतांचा आजार' हा वाक्प्रयोगही आता टाकून द्यावा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की दिसायला बारीक असलेल्या भारतीय माणसाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण बरेच अधिक असू शकते. २००४ मध्ये त्यांनी स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी केली : दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. 'अंगाने बारीक आहे, त्याला कशी शुगर?' हा आपला नेहमीचा प्रश्न त्या तुलनेपुढे टिकत नाही.

५.२.५ नकाराची भाषा

मराठी संस्कृतीत गोडी ही चवीपेक्षा मोठी आहे. लग्न ठरले की साखरपुडा, संक्रांतीला तिळगूळ, पास झालो की पेढे, उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी. आपल्या जिल्ह्यात भूम-कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध. पाहुणचारात पेढा येणारच. अशा वेळी 'नको' हा शब्द पदार्थाला उद्देशून असतो, पण तो लागतो माणसाला. म्हणून मधुमेही माणसे नाना वाटा शोधतात : 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणून जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतात, 'आज उपवास आहे' असे खोटे सांगतात, किंवा सरळ खाऊन टाकतात. 'मला गोड चालत नाही' ही रचना मला सर्वांत उपयोगी वाटते. तिच्यात इच्छेचा प्रश्नच उरत नाही. त्यापुढे लगेच एक होकार जोडावा : 'पेढा चालत नाही वहिनी, पण बिनसाखरेचा चहा घेईन की.' यजमानाला काहीतरी देता आले की त्याचा मान राहतो. प्रसाद असेल तर कणभर कपाळाला लावून उरलेला शेजाऱ्याच्या हाती देण्याची रीत आपल्याकडे आहेच.

५.२.६ पायांची भाषा

आश्विनात तुळजापूरच्या वाटा अनवाणी पायांनी भरून जातात. नवरात्रातील उपवास आणि त्यानंतर पौर्णिमेपर्यंत चालणारी ही पायपीट भाविकाच्या दृष्टीने एकच व्रत असते. मधुमेही शरीराच्या दृष्टीने ते दोन वेगळे धोके आहेत. उपवासात गोळी-इन्सुलिनचे प्रमाण बदलावे लागते, आणि ते मनाने बदलायचे नसते. अनवाणी चालण्याचा धोका याहून शांत आहे. दीर्घकाळ वाढलेल्या शुगरने पायांच्या नसा बधिर होतात. पुस्तकात याला 'संवेदनाहानी' म्हणतात, पण असे म्हणत दवाखान्यात कोणी येत नाही. लोक म्हणतात : "पायाला मुंग्या येत्यात", "चप्पल निसटली तरी कळत न्हाई", "कापसावर चालल्यागत वाटतंय". ही वाक्ये म्हणजे लक्षणेच आहेत, आणि ती पारिभाषिक शब्दापेक्षा अधिक नेमकी आहेत. 'दुखत नाही' हे उत्तर येथे दिलासा देणारे नसते. काटा रुतूनही दुखत नसेल तर तीच तक्रार असते. रोज रात्री तळपाय पाहणे, वाकता येत नसेल तर आरसा खाली धरणे, गरम पाणी आधी कोपराने तपासणे, आणि नवस असला तरी पायांत काही घालून चालणे, एवढे सांगता यावे. देवीच्या दारी निदान जाड मोजे घालून जाणाऱ्या भाविकाला कोणी अडवल्याचे मी पाहिलेले नाही.

५.२.७ प्रश्न कसा विचारावा

तुमच्यापैकी काही जणी आशा सेविका किंवा अंगणवाडी सेविका आहेत. ३० वर्षांवरील सर्वांची मधुमेह व रक्तदाबासाठी चाचपणी करण्याच्या शासकीय कार्यक्रमात घरोघर जाऊन प्रश्न विचारण्याचे काम तुम्हीच करता. पुढील दोन संवाद पाहा.

"मावशी, गोळ्या घेता ना?"
"घेते की."

"मावशी, काल रात्रीची गोळी घेतली का?"
"काल लेकीकडं गेल्ते, राहिली बगा."

पहिल्या प्रश्नात रीतिवर्तमानकाळ आहे. तो सवयीविषयी विचारतो, आणि सवय तर आहेच. शिवाय शेवटचा 'ना' होकाराची अपेक्षा ठेवतो. दुसरा प्रश्न भूतकाळातील एका ठरावीक घटनेविषयी आहे. त्याला खरे उत्तर देणे सोपे जाते. मावशी पहिल्या वेळीही खोटे बोलल्या नव्हत्या.

५.३ सरावासाठी स्वाध्याय

१) 'येणे', 'होणे', 'लागणे', 'निघणे' या क्रियापदांचा आजाराच्या संदर्भातील वापर प्रत्येकी दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.

२) 'शुगर कमी झाली' या वाक्याची संदिग्धता विशद करा. अशीच संदिग्धता असलेले रक्तदाबाविषयीचे एक वाक्य शोधा.

३) 'नको' आणि 'चालत नाही' या दोन नकारांतील फरक सोदाहरण लिहा.

क्षेत्रीय उपक्रम : तुमच्या गावातील किंवा गल्लीतील मधुमेह असलेल्या पाच व्यक्तींशी बोला. आजार कसा कळला, हे त्यांनी सांगितलेल्या शब्दांतच, बोलीचे उच्चार न बदलता लिहून घ्या. नाव व पत्ता वहीत लिहू नका. वय, तालुका आणि घरी बोलली जाणारी भाषा एवढीच नोंद पुरे. बोलणे झाल्यावर प्रत्येकाला एक प्रश्न अवश्य विचारा : 'शुगर लो झाली तर घरात काय करायचे, हे कोणाकोणाला माहीत आहे?' उत्तर 'कुणालाच नाही' असे आले, तर वही मिटून आधी ५.२.३ मधील माहिती त्या घरातील दोघांना समजावून सांगा आणि मगच पुढच्या घरी जा.